बेनिफिट कमी झाले की काउन्सिलकडे काय मागायचे? इंग्लंडात नव्याने राहणाऱ्यांसाठी

शनिवारी सकाळी आमच्या भागातल्या लायब्ररीत आम्ही चार-पाच जण एक टेबल मांडून बसतो. कुणाला फॉर्म भरून हवा असतो, कुणाला आलेले पत्र समजावून हवे असते. एका हिवाळ्यात एक ताई भाजीची कापडी पिशवी घेऊन आल्या आणि त्यांनी ती टेबलावर उपडी केली. आत पाकिटेच पाकिटे, तपकिरी, पांढरी, एकही फोडलेले नाही. ‘उघडायची भीती वाटते,’ म्हणाल्या. आम्ही ती फोडून तारखेप्रमाणे लावली. सर्वात आधी काउन्सिल टॅक्सचे, म्हणजे इथल्या घरपट्टीचे बिल, मग रिमाइंडर, मग कोर्टाचे समन्स आणि शेवटी वसुली कंपनीचे पत्र. नवऱ्याच्या आजारपणात त्याची नोकरी गेली होती आणि सात महिन्यांपासून घर युनिव्हर्सल क्रेडिटवर, म्हणजे काम नसलेल्यांना किंवा कमाई कमी असलेल्यांना मिळणाऱ्या सरकारी मदतीवर चालले होते. काउन्सिल टॅक्समध्ये सूट मिळते हे ताईंना ऐकून माहीत होते. युनिव्हर्सल क्रेडिट चालू आहे म्हणजे तीही लागली असेल, असे त्यांनी धरले होते.

ती आपोआप लागत नाही. हा लेख मी मुख्यतः एवढ्यासाठी लिहितो आहे. युनिव्हर्सल क्रेडिट देणारे खाते केंद्र सरकारचे, त्याला डीडब्ल्यूपी म्हणतात आणि आपला संबंध त्याच्या जॉब सेंटरशी येतो. काउन्सिल टॅक्सची सूट, भाड्यातली तूट भरून काढणारी मदत, अडीअडचणीचा निधी, बेघर होण्याची वेळ आली तर आधार, हे सगळे मात्र तुमच्या स्थानिक काउन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे. एका ठिकाणी अर्ज केला म्हणून दुसरीकडचे काम होत नाही. प्रत्येक मदतीचा फॉर्म वेगळा, आणि उशीर झाला की नुकसान आपलेच.

खाली लिहिलेले इंग्लंडपुरते आहे. स्कॉटलंडमध्ये अडचणीच्या वेळी स्कॉटिश वेल्फेअर फंड असतो, वेल्समध्ये डिस्क्रिशनरी असिस्टन्स फंड, आणि उत्तर आयर्लंडची रचना तर पुष्कळच निराळी आहे. तिथे राहत असाल तर तिथली माहिती काढा.

आधी व्हिसा, मग फॉर्म

आपल्यातले बहुतेक लोक स्किल्ड वर्कर, स्टुडंट किंवा जोडीदाराच्या व्हिसावर येतात. या व्हिसांवर सहसा एक अट असते: ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’. म्हणजे सरकारी बेनिफिट घ्यायचे नाहीत. व्हिसाचे कार्ड जाऊन आता ई-व्हिसा आला आहे, त्यामुळे तुमच्यावर ही अट आहे का ते तुमच्या यूकेव्हीआय (व्हिसाच्या ऑनलाइन) खात्यात दिसते. काहीही भरण्याआधी ते पाहा. पुढचे सगळे त्यावर ठरते.

अट असेल तर युनिव्हर्सल क्रेडिट, चाइल्ड बेनिफिट, हाउसिंग बेनिफिट घेता येत नाही हे बहुतेकांना माहीत असते. काउन्सिल टॅक्स रिडक्शन, म्हणजे उत्पन्न कमी म्हणून मिळणारी सूट, हीसुद्धा त्याच यादीत आहे हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. काउन्सिल आपल्या अधिकारात देते त्या काही रोख मदतीही यादीत मोडतात. काउन्सिलच्या वेबसाइटवर फॉर्म दिसला, भरला, पैसे आले, आणि पुढे व्हिसा वाढवताना तेच आड आले, असे होऊ नये.

पण अट आहे म्हणजे सगळीच दारे बंद असेही नाही. घरात एकच प्रौढ राहत असेल तर काउन्सिल टॅक्सवर २५ टक्के सवलत मिळते. ती पब्लिक फंड नाही, व्हिसावरच्या माणसानेही खुशाल घ्यावी. फुडबँक पब्लिक फंड नाही. मुलांचे शाळेतले शिक्षण नाही. रिसेप्शन ते दुसरी इयत्ता सगळ्याच मुलांना सरकारी शाळेत फुकट जेवण मिळते आणि त्यापुढच्या वर्गांतही, उत्पन्न ठरावीक मर्यादेखाली असेल तर, ही अट असलेल्या घरातल्या मुलांना ते मिळू शकते. शाळेच्या ऑफिसात विचारा. नोकरी गेली आणि आधीची दोन वर्षे नॅशनल इन्शुरन्स पुरेसा कापला गेला असेल, तर ‘न्यू स्टाइल जॉबसीकर्स अलाउन्स’ हा भरलेल्या वर्गणीवर मिळणारा भत्ता आहे, तोही या यादीत नाही. आणि घरात लहान मूल आहे, पण राहायला जागा नाही किंवा खायला पैसे नाहीत अशी वेळ आली, तर १९८९ च्या चिल्ड्रन अ‍ॅक्टच्या कलम १७ खाली काउन्सिलच्या सोशल सर्व्हिसेसना त्या मुलाची गरज तपासावी लागते. आई-वडिलांच्या व्हिसावर ही अट आहे एवढ्यावरून त्यांना हात वर करता येत नाहीत. या चौकशीत ते होम ऑफिसकडे तुमची स्थिती विचारतात, म्हणून आधी सल्ला घेऊन, सोबत कुणाला तरी घेऊन जा.

नवरा-बायकोत एकाला आयएलआर (इथे कायम राहण्याची परवानगी) किंवा ब्रिटिश नागरिकत्व आणि दुसऱ्यावर अट, हा प्रकार आपल्यात फार आढळतो. आयएलआर असलेली व्यक्ती युनिव्हर्सल क्रेडिट मागू शकते. रक्कम एकट्या माणसाच्या हिशोबाने मिळते आणि जोडीदाराचे उत्पन्न व शिल्लक मात्र मोजली जाते. इथे चूक करायला जागा फार आहे, तेव्हा अर्जाआधी इमिग्रेशन अ‍ॅडव्हाइस अथॉरिटीकडे नोंदलेल्या सल्लागाराला किंवा सॉलिसिटरला विचारा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या दादाने कितीही कळकळीने सांगितले तरी व्हिसाच्या बाबतीत ते ग्राह्य धरू नका. त्यांचा हेतू चांगला असतो, पण ते तुमची कागदपत्रे पाहून बोलत नसतात.

स्विंडन, साउथॉल, लेस्टर इथे पोर्तुगीज पासपोर्टवर आलेली गोव्याची पुष्कळ कुटुंबे आहेत. त्यांचे गणित वेगळे. ‘सेटल्ड स्टेटस’, म्हणजे युरोपीय नागरिकांना मिळालेली कायम राहण्याची परवानगी असेल तर बहुतेक मदतींना ते पात्र. ‘प्री-सेटल्ड’ असेल तर त्याबरोबर नोकरी वगैरे दाखवून इथे राहण्याचा हक्क सिद्ध करावा लागतो. पगाराच्या स्लिपा फेकू नका.

पैसे नेमके कुठे कमी झाले?

काउन्सिलकडे जाण्याआधी हे कळायला हवे, कारण प्रत्येक कारणावरचा उपाय वेगळा आहे. युनिव्हर्सल क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यात दर महिन्याचे स्टेटमेंट असते. ते उघडून वरून खाली वाचा. काय दिले आणि काय कापले, दोन्ही तिथे ओळीवार दिसते.

‘बेनिफिट कॅप’ अशी ओळ दिसली तर एकूण बेनिफिटवर मर्यादा लागली आहे. ही मर्यादा २०१३ साली आली. जोडप्यांसाठी आणि मुले असलेल्या घरांसाठी ती लंडनमध्ये वर्षाला २५,३२३ पौंड आणि लंडनबाहेर २२,०२० पौंड आहे. म्हणजे महिन्याला लंडनमध्ये २,११० पौंडांच्या आसपास, आणि बाहेर १,८३५. आठवड्याला १६ तास किमान वेतनाने काम केल्यावर जेवढे मिळतात तेवढी कमाई दोघांची मिळून झाली की ही मर्यादा लागत नाही. घरातल्या कुणाला पीआयपीसारखा अपंगत्वाचा भत्ता मिळत असेल तरीही लागत नाही. आधीचे वर्षभर काम करून नोकरी गेली असेल तर पहिले नऊ महिने सूट असते. ती सूट न देताच कपात केलेली मी पाहिली आहे, म्हणून स्टेटमेंट वाचा म्हणतो.

दोनपेक्षा जास्त मुलांसाठी पैसे न देण्याचा २०१७ चा नियम एप्रिल २०२६ पासून काढायचे नोव्हेंबर २०२५ च्या अंदाजपत्रकात ठरले. तीन मुलांच्या घरांना हा मोठा दिलासा आहे. पण वाढलेली रक्कम कॅपला जाऊन धडकली तर हातात तेवढी पडत नाही. ‘मुलाचे पैसे वाढले म्हणतात, मग आमचे का नाही वाढले’ असे कुणी विचारले की मी आधी कॅपची ओळ शोधतो.

खासगी घरात भाड्याने असाल तर भाड्यापोटी मिळणारी रक्कम ‘लोकल हाउसिंग अलाउन्स’च्या दराने ठरते. हे दर एप्रिल २०२४ मध्ये वाढवले, त्यानंतर ते गोठवले. भाडी थोडीच थांबली आहेत! तिथे दर महिन्याला शंभर-दोनशे पौंडांची दरी पडते. काउन्सिलच्या किंवा हाउसिंग असोसिएशनच्या घरात असाल आणि एक खोली ‘जास्त’ धरली गेली, तर भाड्याच्या मदतीतून १४ टक्के कापले जातात, दोन किंवा अधिक खोल्या असतील तर २५ टक्के.

जुने टॅक्स क्रेडिट ५ एप्रिल २०२५ ला कायमचे बंद झाले. आजारपणामुळे काम करता न येणाऱ्यांना युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये मिळणारी जादा रक्कम एप्रिल २०२६ पासून नव्या अर्जदारांसाठी जवळजवळ निम्मी झाली आहे. आधीपासून मिळणाऱ्यांना आणि अतिशय गंभीर आजार असलेल्यांना वेगळा नियम लागतो.

आणि कधीकधी कमी काहीच झालेले नसते. पहिल्या हप्त्याला पाच आठवडे लागतात, त्या काळासाठी अ‍ॅडव्हान्स घेतलेला असतो आणि तो दर महिन्याला कापला जात असतो. अ‍ॅडव्हान्स म्हणजे उचल, ती फेडावी लागते हे कुणी नीट सांगितलेलेच नसते.

काउन्सिल टॅक्सचा अर्ज सगळ्यात आधी

आपल्याकडे घरपट्टी मालक भरतो, भाडेकरूला तिचा पत्ताही नसतो. इथे काउन्सिल टॅक्स घरात राहणारा भरतो, म्हणजे भाडेकरूच. नव्याने आलेल्यांचा पहिला धक्का हाच.

एप्रिल २०१३ पर्यंत यावर देशभर एकच बेनिफिट होते. ते रद्द करून प्रत्येक काउन्सिलला आपापली योजना करायला सांगितले. (पेन्शनच्या वयाच्या लोकांसाठी मात्र नियम सगळीकडे सारखेच राहिले.) त्यामुळे शेजारच्या काउन्सिलच्या भागातल्या मैत्रिणीला पूर्ण माफी मिळाली आणि तुम्हाला थोडा तरी भरावाच लागला, असे होते. तिच्या अनुभवावर विसंबू नका, आपल्या काउन्सिलची योजना वाचा. नाव ‘काउन्सिल टॅक्स रिडक्शन’ किंवा ‘काउन्सिल टॅक्स सपोर्ट’ असते. आपली काउन्सिल कोणती ते गव्ह डॉट यूकेवर पोस्टकोड टाकून कळते. काही भागांत काउंटी आणि डिस्ट्रिक्ट अशा दोन काउन्सिल असतात, तिथे हा टॅक्स आणि घरांचे काम डिस्ट्रिक्टकडे, सोशल सर्व्हिसेस काउंटीकडे.

ज्या दिवशी युनिव्हर्सल क्रेडिटचा अर्ज कराल त्याच दिवशी हाही करा. पहिला हप्ता येईपर्यंत थांबू नका. मागील तारखेपासून सूट द्यायची की नाही हे प्रत्येक काउन्सिल आपल्या नियमाने ठरवते, आणि उशिराचे सबळ कारण मागते. आजारपण, घरातला मृत्यू, भाषेची अडचण, चुकीचा सल्ला, जे खरे असेल ते कागदावर लिहा. त्या ताईंच्या बाबतीत नवऱ्याची हॉस्पिटलची पत्रे जोडली आणि सातपैकी काही महिन्यांची सूट मागून मिळाली. बाकीचे हप्त्याने फेडायचे ठरले. कोर्टाचा खर्च मात्र त्यांच्याच माथी राहिला.

सूट मिळूनही भरणे अशक्य असेल तर आणखी एक दार आहे. १९९२ च्या लोकल गव्हर्नमेंट फायनान्स अ‍ॅक्टच्या कलम १३ए खाली काउन्सिल उरलेला टॅक्सही कमी करू शकते, अगदी शून्यापर्यंत. बऱ्याच ठिकाणी याला हार्डशिप फंड म्हणतात. हे कुणी आपणहून सांगत नाही. ‘सेक्शन थर्टीन ए खाली अर्ज करायचा आहे’ असे नाव घेऊन विचारा.

विद्यार्थ्यांनो, तुम्ही पोटाला चिमटा काढून टॅक्स भरत बसू नका. घरातले सगळे पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर काउन्सिल टॅक्स माफ असतो. युनिव्हर्सिटीकडून पत्र घेऊन काउन्सिलला पाठवायचे. घरात एक जण नोकरी करणारा आणि बाकी विद्यार्थी असतील, तर बिल त्या एकाचे आणि त्याला २५ टक्के सवलत. कोर्स संपला की ही माफी संपते, ती तारीख लक्षात ठेवा.

हप्ता चुकणारच असे दिसले तर चुकायच्या आधी फोन करा. रिमाइंडरकडे दुर्लक्ष केले की हप्त्यांची सोय जाते, वर्षाची उरलेली रक्कम एकदम मागितली जाते, मग समन्स, मग ‘लायबिलिटी ऑर्डर’ (वसुलीला परवानगी देणारा कोर्टाचा हुकूम), मग वसुलीवाले बेलिफ. एप्रिल ते जानेवारी या दहा महिन्यांऐवजी बारा हप्ते करून मागण्याचा हक्क आहे, तेवढ्यानेही दर महिन्याचा बोजा उतरतो. बेलिफ दारात आलाच तर काउन्सिल टॅक्ससाठी तो पहिल्या खेपेला जबरदस्तीने घरात शिरू शकत नाही. दार उघडू नका, कडी लावा, बोलायचे तर खिडकीतून किंवा फोनवर. आपल्याकडे दारात आलेल्याला आत या, बसा म्हणायची सवय असते. एक आजोबा त्याला चहा विचारायला निघाले होते. एकदा शांतपणे आत घेतले की तो सामानाची यादी करू शकतो.

भाडे पुरत नसेल तर

भाडे आणि बेनिफिट यांच्यातली तूट भरायला काउन्सिलकडे वर्षानुवर्षे ‘डिस्क्रिशनरी हाउसिंग पेमेंट’ होते, लोक त्याला डीएचपी म्हणतात. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२६ पासून ही मदत आणि आधीचा हाउसहोल्ड सपोर्ट फंड, दोन्ही मिळून ‘क्रायसिस अँड रेझिलियन्स फंड’ झाला आहे. काउन्सिलच्या वेबसाइटवर या नव्या नावाने शोधा, सापडले नाही तर जुन्या नावाने. भाड्यासाठीची मदत मागायला तुम्हाला हाउसिंग बेनिफिट किंवा युनिव्हर्सल क्रेडिटमधला घरभाड्याचा भाग मिळत असायला हवा. कॅप लागली, खोली जास्त धरली, भाड्याचा दर कमी पडला, ही सगळी कारणे चालतात. स्वस्त घरात जायचे असेल तर डिपॉझिट आणि सामान हलवण्याचा खर्चही मागता येतो.

ही मदत ठरावीक महिन्यांसाठी मिळते. मंजुरीच्या पत्रात शेवटची तारीख असते, तिच्या महिनाभर आधी पुन्हा अर्ज करा. आणि ती हक्काची रक्कम नसून अधिकाऱ्याच्या निर्णयावर असते, म्हणून फॉर्म कसा भरता याला फार महत्त्व आहे.

फॉर्ममध्ये जमाखर्चाचा तक्ता असतो आणि आपली माणसे तिथेच अडकतात. पहिली चूक म्हणजे खर्च कमी लिहिणे. काटकसरी दिसावे म्हणून जेवणाचे आठवड्याला पंचवीस पौंड लिहायचे. मग बेरीज केली की महिन्याअखेर शिल्लक दिसते आणि अधिकारी म्हणतो, यांना मदतीची गरजच नाही. तीन महिन्यांचे बँक स्टेटमेंट समोर ठेवा आणि पेन्सिलीने खुणा करत जा: वीज, गॅस, बस, शाळेचे बूट, औषध, फोन. खरा आकडा लिहा.

दुसरी गोष्ट, गावी आई-वडिलांना दर महिन्याला पाठवलेले पैसे. ते स्टेटमेंटमध्ये दिसणारच. लपवू नका. शेजारी दोन ओळी लिहा: वडिलांचे डायलिसिस आहे, दुसरे कमावते कुणी नाही, रक्कम शंभरावरून चाळीसवर आणली आहे. अधिकारी मान्य करेल न करेल, पण न सांगितलेल्या रकमेने अख्ख्या अर्जावरचा विश्वास उडतो. भिशीचेही तेच. दर महिन्याला वेगवेगळ्या बायकांच्या खात्यावर गेलेले पन्नास पौंड आणि एका महिन्यात एकदम आलेले सहाशे, हे बाहेरच्या माणसाला कोडे वाटते. भिशी म्हणजे काय ते चार ओळींत समजावून सांगा.

तिसरी आणि सगळ्यात नाजूक: भारतातली मालमत्ता. पुण्यातला फ्लॅट, बँकेतली एफडी, सातबाऱ्यावर भावांबरोबर लागलेले तुमचे नाव. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये १६,००० पौंडांपेक्षा जास्त भांडवल असेल तर पात्रता जाते, ६,००० च्या वर असेल तर रक्कम घटते, आणि परदेशातली मालमत्ताही यात मोजतात. ‘ती तिकडची आहे, इथे कोण बघतो’ हा विचार महागात पडतो. वसुली आणि दंड, दोन्ही मागे लागतात. जमीन वादात असेल, विकता येत नसेल, हिस्सा पडलेला नसेल, तर तसे सांगा आणि कागद दाखवा. वादातल्या जमिनीचे मोल वेगळे धरले जाऊ शकते, पण आधी ती सांगितली तर.

घरात काही उरले नाही अशी वेळ

मीटरमध्ये दोन पौंड, फ्रिज रिकामा, पैसे यायला नऊ दिवस. अशा वेळी काउन्सिलच्या वेबसाइटवर क्रायसिस अँड रेझिलियन्स फंडच्या अर्जाबरोबर फोन नंबरही शोधा. बहुतेक ठिकाणी रोख, व्हाउचर, किंवा फ्रिज-पलंगासारखी वस्तू यांपैकी काही मिळू शकते. फुडबँकेला सहसा रेफरल लागते. काउन्सिल, जीपी (तुमचा नेहमीचा डॉक्टर), शाळा किंवा सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसकडून ते मिळते. मीटरसाठी वीज कंपनीलाही फोन करा, प्रीपेड मीटरवाल्यांना त्या उसने क्रेडिट देतात.

सप्टेंबर २०२६ पासून इंग्लंडमध्ये युनिव्हर्सल क्रेडिट मिळणाऱ्या सगळ्या घरांतल्या मुलांना शाळेत फुकट जेवण द्यायचे सरकारने ठरवले आहे. नाव नोंदवायला विसरू नका.

इथे एक गोष्ट मनापासून सांगतो. ‘आम्ही कधी कुणापुढे हात पसरला नाही’ हे वाक्य त्या टेबलावर मी इतक्यांदा ऐकले आहे, आणि ते म्हणणाऱ्याच्या घरात मुले अर्धपोटी झोपलेली असतात. तुमच्या पगारातून टॅक्स आणि नॅशनल इन्शुरन्स गेला आहे. कायद्याने तुमच्यासाठी ठेवलेले पैसे मागताना मान खाली घालायची गरज नाही. फॉर्म भरून देण्याचे कुणी एजंट पैसे मागत असेल तर मात्र तिथून उठा. सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस, काउन्सिलचा स्वतःचा वेल्फेअर राइट्स सल्लागार असेल तर तो, आणि कर्जासाठी स्टेपचेंज किंवा नॅशनल डेटलाइन, सगळे फुकट काम करतात. इंग्रजी अडत असेल तर दुभाषी मागा. दहा वर्षांच्या मुलीला आईच्या कर्जाचे भाषांतर करायला लावू नका.

नकार आला तर

फोनवरच्या ‘नाही’ला नकार समजू नका. लेखी मागा. युनिव्हर्सल क्रेडिटचा निर्णय पटला नाही तर एका महिन्यात ‘मँडेटरी रिकन्सिडरेशन’, म्हणजे फेरविचार मागायचा, ऑनलाइन खात्यातल्या जर्नलमध्ये लिहूनही चालते. त्यावरही नकार आला तर ट्रिब्युनलकडे अपील, त्यालाही एकच महिना. काउन्सिल टॅक्समधली सूट नाकारली तर आधी काउन्सिलला लेखी कळवायचे, त्यांनी दोन महिन्यांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही तर व्हॅल्युएशन ट्रिब्युनल. भाड्याच्या जादा मदतीवर ट्रिब्युनल नाही, पण काउन्सिलला फेरविचार करायला सांगता येते. फेरविचाराच्या पत्रात नवा कागद जोडा: डॉक्टरचे पत्र, घरमालकाची नोटीस, नवा जमाखर्च. तोच अर्ज पुन्हा पाठवला तर तेच उत्तर येते.

कर्ज चहूबाजूंनी अंगावर आले असेल तर सल्लागारामार्फत ‘ब्रीदिंग स्पेस’ मागा. २०२१ पासून ही सोय आहे. ६० दिवस, ज्यांचे पैसे देणे आहे ते बहुतेक जण वसुली थांबवतात, व्याज चढत नाही, आणि काउन्सिल टॅक्सची थकबाकीही यात येते.

घर जाण्याची वेळ आली तर

घरमालकाची कायदेशीर नोटीस आली, किंवा पुढच्या ५६ दिवसांत घर सुटेल असे दिसले, की काउन्सिलच्या हाउसिंग खात्याला ताबडतोब ईमेल करा. बेघर होण्याआधीच मदत करणे हे २०१७ च्या कायद्याने काउन्सिलचे काम आहे. ते तुमच्याबरोबर लेखी योजना करतात. व्हिसावरच्या अटीमुळे घर मिळणार नसले तरी सल्ला सगळ्यांना मिळतो. कारण न देता घर रिकामे करायला लावणारी ‘सेक्शन २१’ नोटीस १ मे २०२६ पासून इंग्लंडात देता येत नाही, तेव्हा हातात पडलेला कागद कोणता आहे ते घराच्या प्रश्नांवर सल्ला देणाऱ्या शेल्टरसारख्या संस्थेला दाखवून घ्या.

आणि घरमालक आपलाच ओळखीचा, गाववाला असला तरी, भिडेखातर चाव्या देऊन बाहेर पडू नका. काउन्सिलशी बोलण्याआधी स्वतःहून घर सोडले, तर ‘तुम्ही जाणूनबुजून बेघर झालात’ असे म्हणायला त्यांना जागा मिळते, आणि मग कायमच्या घराची मदत हातची जाते.

दर मार्चला

मार्चमध्ये नव्या वर्षाचे काउन्सिल टॅक्स बिल येते. पाकीट त्याच दिवशी फोडा. सूट मिळाल्याची ओळ बिलावर वेगळी छापलेली असते. गेल्या वर्षीचे बिल शेजारी ठेवून ती ओळ आहे का, रक्कम किती आहे ते पाहा. काउन्सिलने योजना बदलली असेल, तुमचा पगार बदलला असेल, मूल अठरा वर्षांचे झाले असेल, तर आकडा बदलतो. ओळच नसेल तर बिलावरचा अकाउंट नंबर हाताशी घेऊन सकाळी ऑफिस उघडताच फोन करा, बोलणाऱ्याचे नाव आणि वेळ त्याच बिलाच्या मागे लिहा, आणि बिल स्वयंपाकघरात डोळ्यांसमोर राहील असे टाचून ठेवा.